उकिरड्याला छप्पर हवे, कोंबड्यांना हद्दपारी नको

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारी दवाखाना बंद करून जेवायला निघालो होतो, तेवढ्यात पलीकडच्या वाडीतल्या काकी आल्या. हातात औषधाची चिठ्ठी नव्हती, शिक्का मारलेला एक कागद होता. त्यांचा नातू आठ दिवस तापाने पडला होता. रक्ततपासणीत डेंग्यू निघाला होता आणि आता कुठे तो सावरत होता. वाडीत आणखी दोघांना तसाच ताप आला, शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि काकींच्या नावाने नोटीस निघाली. परसातल्या कोंबड्या आणि उकिरडा सात दिवसांच्या आत हलवावा, असे त्यात लिहिले होते.

"डॉक्टरानू, तुमीच सांगा. माज्या नातवाक ताप कोंबड्यांनी दिल्यानी?"

काकींकडे बारा गावठी कोंबड्या आहेत. अंड्यांच्या पैशांवर घरातला गॅस येतो आणि नातवाच्या वह्या येतात. उकिरड्याचे खत माडांना आणि परसातल्या पडवळ-भेंडीला जाते. कोंबड्या गेल्या तर या घराचे काय जाते, ते आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

डेंग्यू कोंबड्यांमुळे होत नाही, हे उत्तर मी उभ्या उभ्या देऊ शकलो असतो. ते खरेही होते. पण ते अर्धेच खरे असेल अशी शंका मनात आली आणि संध्याकाळी मी काकींच्या परसात जाऊन उभा राहिलो. तिथे जे पाहिले त्याने माझीच मान खाली गेली. म्हणून आजचा हा लेख.

ज्येष्ठात याच सदरात मी लिहिले होते, की पावसाळ्यापूर्वी उकिरडा प्लास्टिकने झाकून घ्या. काकींनी तो लेख नातवाकडून वाचून घेतला होता आणि सांगितले होते तसेच केले होते. निळी ताडपत्री उकिरड्यावर पसरून कडेला चिरे ठेवले होते. त्या ताडपत्रीला मध्ये झोळ पडला होता, कडेला सुरकुत्या पडल्या होत्या, आणि प्रत्येक सुरकुतीत पावसाचे स्वच्छ पाणी साठले होते. मी बॅटरीचा झोत टाकला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. कोंबड्यांच्या पाण्याच्या पसरट भांड्यातही होत्या, आणि कुंपणाशी पडलेल्या नारळाच्या करवंट्यांतही होत्या.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. तो दिवसा चावतो आणि घरापासून फार लांब उडत नाही. काकींच्या नातवाला चावलेला डास माझ्या सल्ल्याच्या ताडपत्रीवर वाढला की शेजारच्या टायरमध्ये, हे कोणीच सांगू शकणार नाही. पण झाकायला सांगताना पाणी वाहून जाण्याची वाट सांगायला मी विसरलो, ही चूक माझी. ती दुरुस्त करणे माझे काम आहे.

आता कोंबड्यांच्या बाजूने थोडे गणित मांडतो. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यात तीन चतुर्थांश पाणी असते. म्हणजे बारा कोंबड्यांनी उकिरड्याला दिलेला ओलावा दिवसाला सुमारे एक लिटर. आता खुराड्याचा पत्रा मोजा. दहा फूट बाय आठ फुटांचा पत्रा म्हणजे साडेसात चौरस मीटरांच्या आसपास जागा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्याकडे जोराच्या दिवशी शंभर मिलिमीटर पाऊस सहज पडतो. म्हणजे त्या एका दिवसात एवढ्याशा पत्र्यावरून सातशे-साडेसातशे लिटर पाणी खाली येते, वीस लिटरच्या छत्तीस-सदतीस बादल्या. काकींच्या खुराड्याच्या पागोळ्या नेमक्या उकिरड्यावर पडत होत्या. सबंध पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर दहा हजार लिटरचे दोन टँकर त्या उकिरड्यावर रिकामे झाले असे समजा.

कोंबड्यांचे एक लिटर आणि पागोळ्यांचे सातशे लिटर. मग चिखल कोणी केला, ते वाचकांनीच ठरवावे.

या पाण्याने उकिरड्यात नेमके काय बिघडते, तेही पाहू. पालापाचोळा आणि विष्ठा यांचे खत जे सूक्ष्मजंतू करतात, त्यांनाही आपल्यासारखी हवा लागते. ढिगात पन्नास ते साठ टक्के ओलावा असला की त्यांचे काम उत्तम चालते. ढीग तापतो, आतली उष्णता पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस टिकली तर रोगजंतू आणि माश्यांच्या अळ्या मरतात, आणि वास येतो तो पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा. पण पाणी वाढले की ढिगातल्या पोकळ्या भरतात. हवा कोंडते आणि हवेशिवाय जगणारे जंतू तिथे राज्य करू लागतात. ढीग थंड पडतो, सडतो, कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू निघतो तो वेगळाच. सकाळी खुराडे उघडताना डोळे चुरचुरतात आणि घसा धरतो तो त्याच्यामुळे. दम्याच्या रोग्याला तो वायू फार बाधतो, आणि चोवीस तास त्यात बसणाऱ्या कोंबडीलाही.

ओलावा मोजायला यंत्र नको. ढिगात हातभर आत जाऊन मूठभर खत घ्या आणि जोरात पिळा. हातमोजा किंवा पिशवी हातात असू द्या. एक-दोन थेंब आले तर ओलावा बरोबर. धार लागली तर पाणी फार झाले. काहीच आले नाही आणि मूठ उघडताच भुगा झाला, तर थोडे पाणी शिंपडायला हवे. ही परीक्षा पावसाळ्यात आठवड्यातून एकदा करावी.

आता शेजाऱ्यांची बाजू. तक्रार करणारे काही वेडे नव्हते. वास खरा होता, माश्या खऱ्या होत्या, उंदीर खरे होते. घरमाशीची अंडी ओल्या विष्ठेत पडतात आणि उबदार हवेत सात ते दहा दिवसांत नव्या माश्या बाहेर येतात. त्या माश्या मग शेजारच्या ताटावर बसतात. सांडलेले दाणे आणि उकिरड्यावरचा शिळा भात यांनी उंदीर येतात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू डबक्यात उतरतात, आणि पायाला चीर असलेला माणूस त्या डबक्यात उभा राहिला की ते शरीरात शिरतात. मुंबईत २००५ सालच्या जुलैतल्या महापुरानंतर या रोगाने किती घरे पोळली, ते अनेकांना आठवत असेल. उकिरड्याच्या काळ्या डबक्यात क्युलेक्स जातीचे डास होतात. हत्तीपाय रोग पसरवण्यात त्यांचा हात असतो. म्हणजे स्वच्छ पाण्यात एक डास आणि घाण पाण्यात दुसरा. पाणी साठले की कोणी ना कोणी पाहुणा येतोच.

विहिरीचेही तसेच. आपला जांभा भेगांचा. वर ओतलेले पाणी खाली कुठे फुटेल ते सांगता येत नाही. उकिरडा, खतखड्डा, गोठा यांपैकी काहीही पिण्याच्या विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत असू नये, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तर मुळीच असू नये. ज्यांच्या परसात एवढी जागाच नाही, त्यांना मी स्पष्ट सांगतो, तुम्ही पावसाळ्यात तिथे खत करू नका. कोंबड्या फार तर चार ठेवा, खुराड्यातली घाण रोज कोरडी काढून पोत्यात भरा आणि जागा असलेल्या शेतकऱ्याला द्या. मी कोंबड्यांचा वकील असलो तरी आंधळा वकील नाही.

मग करायचे काय? काकींच्या परसात आम्ही काय केले तेच सांगतो. खर्च फार आला नाही, घाम मात्र पुष्कळ आला.

पहिले काम पागोळ्यांचे. खुराड्याच्या पत्र्याला पन्हळ लावली आणि पाणी उकिरड्यापासून दूर, माडाच्या अळ्यांकडे वळवले. हे एक काम केले तरी निम्मे दुखणे संपते. पन्हळीत पाला अडकून पाणी तुंबणार नाही एवढे मात्र पाहावे, नाहीतर डासांना उंचावर नवे घर मिळते.

दुसरे काम जमिनीचे. खड्डा बुजवला. पावसाळ्यात खड्ड्यात खत करणे म्हणजे तळ्यात चूल पेटवण्यासारखे आहे. ही काही माझी नवी अक्कल नाही. इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी खताची जी पद्धत बसवली आणि १९३१ साली पुस्तकात मांडली, तिच्यातही पावसाळ्यात खड्डे सोडून जमिनीवर ढीग करायला सांगितले आहे. आम्ही चिऱ्यांचे तुकडे आणि खडी टाकून वीतभर उंच ओटा केला, त्याला उताराकडे कल दिला आणि वरच्या अंगाने चर खणला. वरून येणारे पाणी आता चरातून बाजूने निघून जाते.

तिसरे काम छपराचे. ताडपत्री ढिगावर अंथरायची नाही. चार खांब, मध्ये आढे, दोन बाजूंना चांगला उतार आणि वर झाप किंवा जुने पत्रे. उंची एवढी की खाली उभे राहून फावडे मारता यावे. चारही बाजू वाऱ्याला मोकळ्या. ताडपत्रीच वापरायची असेल तर ती आढ्यावरून दोन्हीकडे घट्ट ताणून बांधा, सुरकुती आणि झोळ ठेवू नका. ज्येष्ठातल्या लेखात हे वाक्य असायला हवे होते.

चौथे काम कोरड्या मालाचे. कोंबडीच्या विष्ठेत नत्र फार असते आणि तिला कोरड्या पाल्याची जोड मिळाली नाही तर ते अमोनिया होऊन उडून जाते. खताचे खत जाते आणि वर वास मिळतो. मापाने म्हणाल तर एक पाटी ओला माल, म्हणजे विष्ठा आणि स्वयंपाकघरातला कचरा, आणि त्यावर दोन ते तीन पाट्या कोरडा माल. काजू-आंब्याचा पाला, भाताचे तूस, पेंढा, लाकडाचा भुसा, सोडणाचा चुरा, यांतले जे मिळेल ते. पाऊस सुरू झाल्यावर कोरडा पाला आणायचा कुठून, असे काकींनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आगोटीत आहे. पावसाची बेगमी करताना आपण लाकडे भरतो, मीठ-मिरची भरतो, सुके मासे भरतो. त्याच वेळी पाल्याची दहा-पंधरा पोती भरून माळ्यावर टाकावीत. यंदा मात्र आम्हाला भाताच्या गिरणीतून तूस आणावे लागले.

इथे एक गैरसमज दूर करतो. वास आला की अनेकजण उकिरड्यावर चुलीची राख पसरतात. ओल्या कोंबडखतावर राख किंवा चुना टाकला की अमोनिया उलट जास्त सुटतो. वासावर औषध म्हणून कोरडा पाला घाला, राख माडाला घाला. माशांची खवले-आतडी पावसाळ्यात उकिरड्यावर उघडी टाकू नका, आणि शिळा भातही नको. उंदरांना आमंत्रण देऊन मग उंदीर मारायचे औषध आणण्यात शहाणपण नाही.

पाचवे काम पिण्याच्या पाण्याचे. बारा कोंबड्यांना दिवसाला तीन लिटरच्या आसपास पाणी पुरते, उन्हाळ्यात अधिक लागते. पसरट भांड्यात त्या पाय घालतात, पाणी सांडते आणि खुराड्याची जमीन ओली राहते. भांडे दोन विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवावे आणि त्याखाली थोडी खडी टाकावी. पाणी रोज बदलावे. आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी, कोंबड्यांचे भांडेसुद्धा, रिकामी करून आतून घासून वाळवावीत. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, घासणे महत्त्वाचे. डासांच्या अळ्यांचे औषध कोंबड्यांच्या पाण्यात कधीही टाकू नये. करवंट्या पालथ्या घालाव्यात किंवा जाळाव्यात.

खुराड्यात ओल राहिली तर नुकसान कोंबड्यांचेही होते. रक्ती हगवण होऊन पिल्ले पटापट मरतात, तो कॉक्सिडिओसिस नावाचा रोग ओलीतच वाढतो. विष्ठेतून पडलेले त्याचे बीज ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत बाधक होते. तो रोग माणसाला होत नाही, पण पिल्लांना ओल्या उकिरड्यावर सोडू नये. मोठ्या कोंबड्यांना कोरड्या ढिगावर खुशाल उकरू द्या. त्या माश्यांच्या अळ्या खातात आणि ढीग फुकटात वरखाली करतात.

खत हलवणाऱ्याने गमबूट आणि हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे आणि काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. पायाला जखम असेल तर त्या दिवशी फावडे दुसऱ्याच्या हाती द्यावे. दमेकरी आणि लहान मुले यांनी ढीग हलवताना जवळ थांबू नये. खत किमान चार महिने मुरू द्यावे आणि मगच भाजीला घालावे, कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला तर विशेष. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर त्या उकिरड्यावर फेकू नका, उघड्या हातांनी उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला २००६ साली बर्ड फ्लू आला होता, हे विसरून चालणार नाही.

एवढे करूनही पावसाळ्यात ताप आलाच तर तो अंगावर काढू नये. पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन आणि अंगदुखीच्या इतर गोळ्या मनाने घेऊ नयेत, डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो. ताप उतरताना पोटात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. पोटऱ्या फार दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, लघवी कमी होत असेल किंवा कावीळ दिसत असेल, तर आपण चिखलात काम केले होते हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. ते एक वाक्य योग्य उपचार लवकर मिळवून देते.

आता नोटिशीबद्दल माझे मत. घर, कोंबड्या आणि उकिरडा यांचे नाते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. याच मातीत अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचेही सोनखत करून दाखवले. घाणीला शिव्या देण्यापेक्षा तिची व्यवस्था लावावी, हा त्यांचा धडा आपण विसरत चाललो आहोत. कोंबड्या हलवण्याची नोटीस पाठवायला एक कागद लागतो. पण कोंबड्या गेल्यावरही ताडपत्री राहते, टायर राहतात, तुंबलेले गटार राहते आणि डास राहतात. एका घराची मिळकत बुडते आणि वाडीचा ताप तसाच राहतो. त्यापेक्षा नोटिशीत कोंबड्यांऐवजी पाण्याचे नाव घालावे. पागोळ्या वळवा, खड्डा बुजवा, छप्पर घाला, पंधरा दिवसांनी आम्ही पाहायला येतो, असे लिहावे. आणि खरोखर पाहायला यावे. ज्याने ऐकले नाही त्याच्यावर मग खुशाल कारवाई करावी, मी त्याची बाजू घेणार नाही. शेजाऱ्यांनीही तक्रारीआधी एक दिवस फावडे घेऊन जावे. वाडीतले पाणी एकाच्या परसात थांबत नाही.

काकींना मी एक चिठ्ठी लिहून दिली. त्यात डेंग्यूचा आणि कोंबड्यांचा संबंध नाही, साठलेल्या पाण्याचा आहे, आणि त्या पाण्यात माझ्या सल्ल्याचाही वाटा आहे, असे लिहिले. कागद देऊन त्यांनी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या पंधरा दिवसांत पन्हळ लागली, ओटा झाला, झापांचे छप्पर उभे राहिले. तक्रार करणाऱ्यांपैकी एकजण खांब रोवायला आला होता. तपासणीला आलेल्या माणसाने उकिरड्याजवळ उभे राहून नाकाला लावलेला रुमाल काढला, आणि कोंबड्या राहिल्या.

दिवाळीच्या सुमारास काकी पुन्हा दवाखान्यात आल्या. पिशवीत सहा अंडी होती आणि एका पुडीत मूठभर खत होते, काळे, भुसभुशीत. त्यांनी ती पुडी माझ्या टेबलावर उघडली आणि म्हणाल्या, "पिळून बघा."

मी पिळले. एक थेंब आला.